सातबारा कोरा म्हणजे किती कोरा?



या खेपेस खोडवा उसाच्या खताविषयी लिहायचे ठरवून बसलो होतो. पण मधेच एका शाळेत जाणे झाले आणि तिथे एका मुलीने असा प्रश्न विचारला की खोडवा बाजूलाच राहिला. तो पुढच्या अंकी घेऊ. तोवर पाचट पेटवू नका म्हणजे झाले.

त्याचे असे झाले. इंदापूर तालुक्यातल्या एका विद्यालयाने मला अकरावी-बारावीच्या मुलांना माती परीक्षणाची माहिती द्यायला बोलावले होते. वर्गात शिरताच भिंतीवर एक फलक दिसला, 'निवडणूक साक्षरता मंडळ'. निवडणूक आयोगाने २०१८ च्या जानेवारीपासून शाळा-कॉलेजांतून अशी मंडळे सुरू केली आहेत. मी सहज विचारले, "इथे काय शिकवता?" गुरुजी म्हणाले, "साहेब, नाव कसे नोंदवायचे, यंत्र कसे असते, बटण कसे दाबायचे, हे सगळे शिकवतो. पण बटणापर्यंत जायच्या आधी महिनाभर जे कानावर आदळते, ते कसे तोलावे हे कोण शिकवणार? आम्ही तोंड उघडले की लगेच गावात होते, मास्तर अमक्याच्या बाजूचा. तुम्ही शेतीची माणसे. तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही."

मी म्हटले, "गुरुजी, मीही सरकारी नोकरच. कोणाला मत द्यावे किंवा देऊ नये हा शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही. मला आपली बियाण्याची पिशवी कशी वाचायची तेवढे सांगता येते."

"मग तेच सांगा," गुरुजी म्हणाले.

माझ्या झोळीत सोयाबीनची एक रिकामी पिशवी होती. ती टेबलावर उभी केली. पुढच्या बाजूला खच्चून शेंगा लागलेल्या झाडाचे चित्र. मागच्या बाजूला लहान अक्षरात लेबल. मुलांना विचारले, "तुमचे वडील आधी काय बघतात?" निम्मा वर्ग म्हणाला चित्र, निम्मा म्हणाला लेबल. एक पोरगा म्हणाला, "आधी भाव बघत्यात." सगळे हसले, पण तोही खरेच बोलला.

मग लेबल वाचले. जात, लॉट नंबर, चाचणीची तारीख, मुदत, शुद्धता, उगवणशक्ती. १९६६ च्या बियाणे कायद्याने हे छापावेच लागते. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. "आता लेबलावर ७० आहे, प्रमाणित बियाण्याची निळी चिठ्ठीही आहे. म्हणजे काम झाले?" मुले म्हणाली, नाही. घरी आजोबा शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि कोंब आलेले मोजतात. सत्तरच्या खाली आले तर बियाणे वाढवतात किंवा पिशवी परत करतात.

"हे करताना आजोबा दुकानदाराला शिव्या देतात काय?" "नाही." "दुकानदार लबाड आहे असे गावभर सांगतात काय?" "नाही." "मग काय करतात?" "नुसतं मोजत्यात."

हे मी मुद्दाम विचारले. प्रचाराचे तोलायला शिकवायचे म्हटले की बऱ्याच शहाण्या माणसांना वाटते, मुलांना 'सगळे पुढारी खोटे' असे शिकवायचे. ते सोपे आहे हो. पण जो सगळ्यांना खोटे म्हणतो तोही गोणपाटात दाणे घालत नाही, आणि सगळे खरे मानणाराही घालत नाही. दोघांचे कष्ट वाचतात एवढेच.

एक जुनी गोष्ट मुलांना सांगितली, तुम्हालाही सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका गावी पीक प्रात्यक्षिकाची सभा घेतली होती. नव्या पद्धतीने ऊस किती टन निघाला ते मोठ्या रुबाबात सांगत होतो. एक म्हातारे आबा मागून म्हणाले, "साहेब, शेजारची सरी कुठं हाय?" म्हणजे त्याच रानात, त्याच पाण्यावर, जुन्या पद्धतीची एखादी सरी ठेवली होती का? नव्हती ठेवली. रान कालव्याच्या अंगचे, काळे, कसदार. तिथे काही न करताही ऊस आला असता. बी.एस्सी. होऊन जे ध्यानात राहिले नाही ते आबांनी एका वाक्यात शिकवले. म्हणून मुलांना म्हटले, कोणी म्हणाला मी अमुक केले म्हणून तमुक झाले, की आधी शेजारची सरी मागा. आमच्या राजवटीत उत्पन्न वाढले? त्या वर्षी पाऊस कसा होता, भाव काय होता, शेजारच्या तालुक्यात काय झाले?

इथवर सारे हसतखेळत चालले होते. मग मी फळ्यावर दोन शब्द लिहिले. 'सातबारा कोरा'.

हे शब्द काही एका पक्षाचे नाहीत. गेल्या कित्येक निवडणुकांत आणि आंदोलनांत ज्याने त्याने ते आपापल्या सोयीने वापरले आहेत. मुलांना म्हटले, ही पिशवीची पुढची बाजू समजा. मागचे लेबल कोण सांगतो? वर्ग गप्प. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. सावकाश म्हणाली, "सर, कोरा म्हणजे किती कोरा?"

मी म्हटले, "का गं?"

"आमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा इकरार हाय. माफी झाली तवा गावात फटाके वाजले. आमचा तसाच ऱ्हायला. पप्पा म्हणत्यात नऊ हजारानं गेलो."

लेबलाकडे वळायला यापेक्षा चांगली वाट मिळाली नसती. २०१७ च्या जूनमध्ये त्या वेळच्या सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. आकडा ३४,०२२ कोटींचा, लाभार्थी ८९ लाख. ही पुढची बाजू. मागच्या बाजूला काय होते? कर्ज ३० जून २०१६ रोजी थकलेले हवे. माफी दीड लाखापर्यंत. त्याहून जास्त थकबाकी असेल त्याने वरची रक्कम आधी स्वतः भरायची, मग दीड लाख मिळायचे. नियमित फेडणाऱ्याला कर्जाच्या २५ टक्के किंवा २५,००० यांतले जे कमी ते. प्रत्यक्ष वाटप जाहीर आकड्याच्या बरेच खाली राहिले.

पुढे दुसऱ्या बाजूचे सरकार आले. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. शब्दच बघा, माफी नव्हे, मुक्ती. लेबल काय? कर्ज १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेले. ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुद्दल आणि व्याज मिळून थकबाकी दोन लाखांपर्यंत. दोन लाखांच्या वर एक रुपया असला तरी त्या योजनेत नाव नाही. नियमित फेडणाऱ्यांना ५०,००० पर्यंत प्रोत्साहन देऊ म्हटले होते, ते खात्यात पडायला २०२२ साल उजाडले, आणि तोवर मधे सरकारही बदलले होते.

तेव्हा 'कोरा' हा शब्द दोन्ही वेळा तोच होता, मागचे लेबल मात्र दोन्ही वेळा निराळे. दोन्ही योजनांनी लाखो घरांना आधार झाला, हेही मी मुलांना सांगितले. कारण ते न सांगणे म्हणजे शेजारची सरी लपवणे. पण आधार कोणाला झाला आणि कोण वगळला गेला हे शब्दावरून कळत नाही. ते शासन निर्णयावरून कळते, आणि शासन निर्णय निवडणुकीनंतर निघतो.

मग फळ्यावर त्या मुलीच्या घरचा हिशेब मांडला, तिच्याच परवानगीने. पीककर्ज १ लाख ८५ हजार. मुदतीत फेडले नाही. ३० सप्टेंबर २०१९ ला व्याजासह २ लाख ९ हजार. नऊ हजार जास्त झाले म्हणून सगळेच गेले. गणिताचे गुरुजी मागे उभे होते, ते म्हणाले, "माझ्या तासाला यांना व्याजाचे गणित इतक्या लवकर कधी उमगले नाही."

ती मुलगी कोणत्या गावची, हे मी पुढे विचारले. तिने नाव सांगितले आणि माझ्या मनात काहीतरी हलले. पण ते शेवटी सांगतो.

एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. आपली माणसे काही भोळी नाहीत. कारखान्याच्या निवडणुकीत बघा. २०२५ च्या मे-जूनमध्ये भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याची आणि माळेगाव कारखान्याची निवडणूक झाली. त्या दिवसांत पारावर बसलेला कोणताही सभासद पॅनेलचे पत्रक असे फाडून वाचत होता की वकिलाने लाजावे. कोणी म्हणाला, उसाला ३,४०० भाव. लगेच प्रश्न, कोणत्या उताऱ्याला? २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी टनाला ३,४०० रुपये होती, पण ती सव्वादहा टक्के उताऱ्याला. त्यावर उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला टनामागे ३३ रुपये २० पैसे. आणि तोडणी-वाहतूक वजा. शिवाय कारखान्यावर कर्ज किती, वजनकाटा कोणाचा, हे सगळे तिथल्या तिथे निघते. सहावी शिकलेली आजीबाईसुद्धा विचारते, "हातात किती?"

आणि हीच माणसे विधानसभेचे किंवा लोकसभेचे पत्रक हातात आले की कीर्तनाला बसल्यासारखी ऐकतात. तिथे 'हातात किती' कोणी विचारत नाही, 'कोणत्या उताऱ्याला' तर नाहीच. म्हणून मी मुलांना म्हटले, तुम्हाला नवे काही शिकायचे नाही. कारखान्याचे पत्रक जसे वाचता तसेच दुसरे वाचा.

गुरुजींनी मला पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावले. या खेपेस मी पाण्याचा विषय घेतला. आपल्याकडे पाण्यावर बोलणे म्हणजे आगीशी खेळ, पण तोच विषय मुलांना सर्वांत जास्त ठाऊक असतो.

नीरा नदीच्या अलीकडे बारामती, इंदापूर. पलीकडे फलटण, माळशिरस. वीर धरणातून डावा कालवा आपल्याकडे येतो, उजवा त्यांच्याकडे जातो. वर भोर तालुक्यात साडेतेवीस टीएमसीचे भाटघर आणि पावणेबारा टीएमसीचे नीरा देवघर. नीरा देवघरचे धरण झाले पण त्याचे स्वतःचे कालवे पुरे झाले नाहीत, म्हणून ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांच्यापर्यंत पाणी जाईना. हे वापरात न येणारे पाणी २००७ च्या करारानुसार ६० टक्के डाव्या आणि ४० टक्के उजव्या कालव्याला मिळू लागले. कराराची मुदत २०१७ ला संपली, पाणी मात्र तसेच चालू राहिले. जून २०१९ मध्ये तेव्हाच्या सरकारने डाव्या कालव्याचे हे जादा पाणी बंद करून उजव्याकडे वळवले. सरकार बदलल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ५५ टक्के डावा आणि ४५ टक्के उजवा असा निर्णय केला.

मी वर्गाचे दोन भाग केले. एका भागाने इंदापुरातला प्रचारक होऊन पत्रक लिहायचे, दुसऱ्याने माळशिरसमधला. निम्म्या पोरांचा मामा अकलूज-नातेपुत्याकडचाच, तेव्हा अडचण आली नाही. अर्ध्या तासात पत्रके तयार. इकडचे म्हणाले, 'आमच्या तोंडचे पाणी पळवले.' तिकडचे म्हणाले, 'बारा वर्षे पळवलेले हक्काचे पाणी परत मिळवले.' दोन्हीकडे 'हक्काचे', दोन्हीकडे 'पळवले'. घोषणा तर अशा झाल्या की खऱ्या प्रचारकांनी विकत घ्याव्यात!

मग पत्रकांची अदलाबदल केली आणि सांगितले, ज्या शब्दाने छाती भरून येते किंवा डोके तापते, तो शब्द खोडा. मग काय उरते ते लिहा. उरले ते एवढेच: ६०, ४०, ५५, ४५, दोन तारखा आणि एका धरणाचे नाव. एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या गटानं पत्रक लिहिलं तवा ते खरं वाटलं. त्यांचं वाचलं तवा तेबी खरं वाटलं." मी म्हटले, "दोन्हीत खोटा आकडा एकही नाही, म्हणून."

हे ध्यानात घ्या मंडळी. खोटी बातमी ओळखायला शिकवतात आता बरेच जण, चांगले आहे. पण आपल्याकडचा प्रचार पुष्कळ वेळा खोटा नसतोच. तो अर्ध्या रानाचा फोटो असतो.

तिसरा प्रश्न मी विचारला, "दोन्ही पत्रकांत काय लिहिलेलेच नाही?" याला बराच वेळ लागला. शेवटी दोन उत्तरे आली. पहिले एका मुलीचे: नीरा देवघरचे कालवे इतकी वर्षे अपुरे का राहिले, हे दोघांनीही लिहिले नाही. ते अपुरे नसते तर वाटायला एवढे शिल्लक राहिलेच नसते. आणि ते अपुरे राहण्यात सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. दुसरे उत्तर शेवटच्या बाकावरच्या, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावातल्या पोराचे. तो म्हणाला, "सर, ५५ द्या न्हाय तर ६० द्या. टेलला पाणी येतंय का, ते कुणीच लिहिलं न्हाय." वर खुद्द नीरेच्या पाण्यावर भांडण, आणि खाली चारीला ते पोहोचेपर्यंत किती आकडे, किती मोटारी, किती गळती! टक्केवारी कालव्याच्या तोंडाशी मोजतात, भिजवणे टोकाला असते. त्या पोराने हे ऐन रानातून आणले होते. मी त्याला त्यावर आणखी काय सांगणार?

निशाणीचा विषय मुलांनीच काढला. २०२४ च्या लोकसभेला ७ मे रोजी आपल्याकडे मतदान झाले, साताऱ्यातही त्याच दिवशी. एका पक्षाची निशाणी होती तुतारी वाजवणारा माणूस. आणि काही अपक्षांना जे वाद्य निशाणी म्हणून मिळाले त्याचे मराठी नावही तुतारीच होते. गावात पिपाणी म्हणतो ते. साताऱ्यात या निशाणीच्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली, तिसरा क्रमांक. त्या पक्षाचा उमेदवार हरला ३२,७७१ मतांनी. मुले म्हणाली, "लोक फसले!"

मी विचारले, "कशावरून? शेजारची सरी कुठे आहे?" तेव्हा एकाने फोनवर आयोगाचा निकाल उघडला आणि त्याच यादीतल्या दुसऱ्या अपक्षांची मते बघायला लागला. हे मला आवडले. बाकीच्यांच्या मानाने हा आकडा उठून दिसतो, म्हणून बऱ्याच जणांचा घोटाळा झाला असावा असे म्हणायला जागा आहे. पण प्रत्येक मत चुकून पडले असे म्हणता येत नाही. तो अपक्षही रीतसर उमेदवार, त्याला मनापासून मत देणारेही असतील. बारामतीतही अशा निशाणीला जवळजवळ पंधरा हजार मते गेली, पण तिथे विजयाचे अंतर दीड लाखाच्या वर होते, तेव्हा निकालाला धक्का लागला नाही. यातून मुलांनी काढलेला धडा मात्र अगदी व्यवहाराचा होता. आजीला निशाणीचे नाव सांगून भागत नाही, चित्र दाखवायला हवे. त्यात कोणत्या पक्षाचा लाभ हा प्रश्नच नाही. आजीला जिथे द्यायचे तिथे तिचे मत गेले पाहिजे.

फोनवर येणाऱ्या चित्रफितींचेही थोडे बोललो. दहा सेकंदांचे भाषण आले तर आधीची आणि नंतरची दहा मिनिटे शोधा, सापडली नाहीत तर पुढे ढकलू नका. हल्ली कोणाच्याही आवाजात काहीही बोलवून घेता येते म्हणतात. माझे त्यातले ज्ञान बेताचेच, मुलांनीच मला दाखवले. वर्गातली दोन पोरे माझ्या आवाजात युरियाची जाहिरात करून दाखवायला निघाली होती, ती मी थांबवली.

जाताना एक कामाची गोष्ट. १८ वर्षे पूर्ण होण्यासाठी आता १ जानेवारीचीच वाट बघावी लागत नाही. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांच्या पहिल्या तारखा धरतात, आणि १७ पूर्ण झाले की आगाऊ अर्ज भरता येतो. आपल्या घरातल्या मुलीचे नाव लग्नानंतर सासरी नोंदवू म्हणून माहेरी नोंदवायचेच राहून जाते. तसे करू नका.

आता राहिलेली गोष्ट.

त्या मुलीचे वडील पंधरा दिवसांनी बाजारच्या दिवशी पंचायत समितीत आले. चेहरा बघताच ओळखले. २०१८ साली त्यांच्या गावी हुमणीच्या मोहिमेसाठी गेलो होतो, तेव्हा बांधावर उभे राहून त्यांनी मला विचारले होते, "साहेब, सोसायटीचं भरू का थांबू? निवडणूक जवळ आलीय, पुन्हा माफी होनार म्हनत्यात." आणि मी म्हणालो होतो, "घाई करू नका. थोडे थांबा, बघू काय होते." माझ्या हातात ना शासन निर्णय, ना तारीख. चार जण म्हणत होते तेच मी पाचव्याने म्हटले. फरक एवढाच की मी साहेब होतो, म्हणून त्यांनी ऐकले.

त्यांनी ते काढले नाही. मीच काढले. म्हटले, "दादा, तेव्हा मीच तुम्हाला थांबा म्हणालो होतो."

"व्हय, तुमीच म्हनला हुता," ते म्हणाले. रागाने नाही, आपले पाऊस किती झाला सांगावा तसे. मग पुढे म्हणाले, "म्हागनं दोन गायी इकून भरलं समदं. नवं-जुनं करून खातं नीट केलंया. आता पुन्हा गावात तेच चाललंय. पन पोरीनं घरात कागद लावलाय." आणि खिशातून वहीचे घडी घातलेले पान काढून माझ्यापुढे ठेवले. मुलीच्या अक्षरात चार ओळी होत्या. किती रकमेपर्यंत? कोणत्या तारखेला थकलेले? वरची रक्कम कोणी भरायची? ते होईपर्यंतचे व्याज कोणाचे?

"ही पोरगी म्हनती, ह्याची उत्तरं लिवून आना, मग थांबू. तुमी लिवता का साहेब?"

मी ते पान वाचले आणि परत दिले. म्हटले, "दादा, निघणाऱ्या योजनेबद्दल हे मला लिहिता यायचे नाही. निर्णय छापून हातात आला की ओळ न् ओळ वाचून दाखवीन, हा माझा शब्द. आज माझ्यापाशी लिहिण्यासारखे एवढेच आहे." आणि त्याच पानाच्या मागच्या बाजूला लिहून दिले की तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून व्याज पडत नाही, राज्याने २०२१ पासून ही तीन लाखांची मर्यादा केली. मुदत चुकली तर सवलत गेली. तुमची मुदत सोसायटीच्या सचिवाकडून लेखी घ्या.

त्यांनी पान घडी करून टोपीत ठेवले. "बघतो," म्हणाले, "उसाचं पयलं बिल पडू द्या." आणि उठता उठता, "खोडव्याला पयला हप्ता कदी टाकू, साहेब?"

ते पुढच्या अंकी, सविस्तर.